तिसरा पर्याय

रविवार, ८ जून
लार्च पोर्टेज, शाळेचं पटांगण

एर्की,

फोन लागत नाहीत. मेल तरी जातोय की नाही कोण जाणे, पण नुसतं बसवत नाही म्हणून लिहितेय. गाव खाली करायचा हुकूम कालच निघाला. आग तळ्यापलीकडे आहे असं सकाळपर्यंत सांगत होते, आता ती अलीकडे आलीय. भर दुपारी दिवे लावून गाडी चालवावी लागतेय.

शाळेची बस माझ्या ताब्यात, म्हणजे गावातले सगळे म्हातारेकोतारे माझ्या माथी. कालपासून त्यांना विमानांसाठी धावपट्टीवर नेऊन सोडतेय. आईला पहिल्याच फेरीत माझ्याबरोबर घेणार होते, पण ती फेरी वृद्धाश्रमाला दिली आणि बसमध्ये तिळाएवढी जागा उरली नाही. तेवढ्यात शेजारची व्हर्ना म्हणाली, "माझ्या गाडीत दे एल्माला. मी जाईन तिथे ती." तिचा नवरा लॉईड आग विझवणाऱ्यांबरोबर गेला होता, ती एकटीच निघाली होती. दिलं बसवून. आई कॉफीची निळी किटली सोडायला तयार नव्हती, ती मांडीवर घेऊनच गेली.

तू तिला बघितल्याला दोन वर्षं झाली, म्हणून सांगते. तिच्या डोक्यातलं इंग्रजी गेल्या हिवाळ्यात पार पुसलं गेलं. आता फक्त फिनिश. चर्चच्या तळघरात पोरांना फिनिश वाचायला शिकवायची ना, तेवढंच शाबूत राहिलंय. मला कधी ओळखते, कधी "अहो बाई" म्हणते. गाडीत बसवताना मी तिला म्हटलं, थांब तिथे, मी येतेच. ती म्हणाली, "ठीक आहे बाई, माझ्या मुलीला सांगा."

आता माझी बस रिकामी झालीय. हमरस्त्यावर चढलं की पूर्वेला हर्स्ट, पश्चिमेला थंडर बे. पोलीस सांगतात की एकदा निघालात की मागे वळता येणार नाही. गावासाठी इंटरनेटवर ते पान तू बनवलंयस ना, कोण कुठे पोचलं ते सांगणारं? बघ त्यावर. आई कुठे आहे? पूर्वेला वळू की पश्चिमेला?

कारिना

---

रविवार, ८ जून
ओटावा

कारिना,

मेल मिळाला! आणि आई सापडली!! आधी श्वास घे, मग पुढचं वाच.

थंडर बे. कॉलेजचा हॉल. व्हर्ना मॅककेग आणि एल्मा लेहतोला, दोन्ही नावं एकाखाली एक आहेत. व्हर्नानं कालच वाटेतून फोनवरून नोंदवलेली दिसतायत. पश्चिमेला वळ.

बघितलंस ना, तुझ्या निरुपयोगी भावाचं पान कामाला आलं! मोठ्या बहिणीनं आयुष्यात एकदा तरी कौतुक करावं म्हणून सांगतो. पानावर "तुम्ही कुठे आहात?" असा चौकोन आहे. त्याला बोट लावलं की ठिकाणांची यादी खाली उघडते. एखादं ठिकाण भरलं की गावाच्या कार्यालयातून मला खूण येते आणि यादीतल्या त्या पर्यायाचा मजकूर आपोआप बदलतो, त्या जागी पुढचं मोकळं ठिकाण दिसायला लागतं. पान बंद करून पुन्हा उघडायचीसुद्धा गरज नाही. जिथे जिथे ते उघडं असेल तिथे मिनिटाभरात यादी नवी होते. धुरात अडकलेल्या माणसाला भरलेल्या दारात पाठवायचं नाही, एवढाच विचार होता.

दोन वर्षांबद्दल बोललीस ते लागलं. आग विझली की येतो. नक्की. आईला माझ्याकडून मिठी मार.

एर्की

---

सोमवार, ९ जून
थंडर बे

एर्की,

ती इथे नाही.

हॉल दोनदा पालथा घातला. खाटा, न्हाणीघरं, मागचं आवार, गाड्या उभ्या करायची जागा, काही सोडलं नाही. दाराशी आपल्या फिनिश बायका वेलची घातलेला गोड पाव, आपला पुल्ला, आणि कॉफी घेऊन उभ्या आहेत. त्यांना प्रत्येकीला विचारलं. कॉफीची किटली घेऊन फिरणारी, फिनिश बोलणारी म्हातारी त्यांच्या नजरेतून सुटेल? त्यांनी तिला उचलून घरीच नेलं असतं! कोणीच बघितलेलं नाही.

लॉईडही इथे आलाय, अंगावर अजून राखेनं माखलेले कपडे. तुझं पान बघूनच आला. त्याची व्हर्नाही इथे नाही. तो दारासमोर खुर्ची टाकून बसलाय, आणि दार उघडलं की दरवेळी उठून उभा राहतो.

खरं सांगू, मला व्हर्नाचा गळा धरावासा वाटतोय. "मी जाईन तिथे ती" म्हणे! कुठल्या पेट्रोलपंपावर विसरली आईला, कोण जाणे. तिला नेहमीच स्वतःचा दमा आणि स्वतःची औषधं. मीच मूर्ख. माझी आई दुसऱ्याच्या हवाली केली आणि परक्यांच्या आया पोचवत बसले.

आणि आता ऐक. माझ्यामागे हमरस्ता बंद झाला. आगीनं रस्ता ओलांडला. पुन्हा बघ, एर्की. डोळे उघडे ठेवून बघ.

कारिना

---

सोमवार, ९ जून
ओटावा

कारिना,

बघितलं. पुन्हा बघितलं. दोन्ही नावांपुढे थंडर बे, कॉलेजचा हॉल. त्यात काहीही बदल नाही.

तरी तुझ्या समाधानासाठी हर्स्टच्या शाळेत फोन लावला. जीव खाऊन लावत राहिलो तेव्हा कुठे लागला. जिनेट नावाची बाई होती, इंग्रजी मोडकंतोडकं. आईचं नाव सांगितलं तर तिनं शोधलं कुठे? माझ्याच पानावर. म्हणाली, "मस्यू, तुमची आई थंडर बेला आहे, पान सांगतंय." दाराशी टॅब्लेटवर तिनं ते शनिवारपासून उघडं ठेवलंय. इंटरनेट इतकं मंद की बंद करायची भीती वाटते म्हणाली, पण यादी तेवढी आपली आपण बदलत राहते. बघ, तिकडच्या लोकांचाही पानावर विश्वास आहे.

आता शांतपणे विचार कर. व्हर्नाची मावसबहीण थंडर बेलाच कुठेतरी राहते ना? ती दोघींना घरी घेऊन गेली असेल. किंवा आई एकटीच हॉलमधून बाहेर पडली असेल. पोलिसांना सांग. वाईट वाटून घेऊ नकोस, पण पान चुकत नाही गं, माणसं चुकतात. गडबडीत तुझी नजर चुकली असेल.

एर्की

---

मंगळवार, १० जून
थंडर बे

एर्की,

माझी नजर चुकली असेल. बरं.

व्हर्नाची मावसबहीण तीन वर्षांपूर्वी वारली. पोलिसांना सांगितलं. ते सकाळपासून हॉलमागच्या नदीकाठी फिरतायत. लांब काठ्या घेऊन पाण्यात टोचून बघतायत, एर्की. मी काठावर उभी होते. एका पोलिसानं काठीनं काहीतरी निळं वर काढलं आणि मी किटली म्हणून ओरडले. फाटकं जाकीट होतं.

काय करू सांग. पानावर लिहिलंय म्हणून इथून हलवत नाही, आणि इथे ती सापडत नाही. रस्त्यात कोणी पिवळी बस उभी केली तरी आई चढेल त्यात, मुलीची बस म्हणून. औषध चुकलं की ती रडते, आणि का रडते ते तिलाच ठाऊक नसतं. कोण समजावणार तिला? कुठल्या भाषेत?

लॉईड तर वेड्यासारखं बोलतोय. शनिवारी मोबाईलचा टॉवर जळायच्या आधी व्हर्नाचा त्याला एक फोन आला होता. धड ऐकूही येत नव्हतं. ती म्हणाली म्हणे, "इथे सगळे फ्रेंचच बोलतात रे, आणि एल्मा किटलीला कोणाला हात लावू देत नाही." आता थंडर बेला कुठलं आलंय फ्रेंच? धूर डोक्यात गेला असणार बाईच्या. मी लॉईडला तोंडावर म्हटलं, तुझ्या बायकोला शुद्ध नव्हती तर माझ्या आईला गाडीत कशाला घेतलं? त्यानं खुर्ची दाराच्या आणखी जवळ ओढली.

तुझं ते कधीच न चुकणारं पान एकदा उलटं करून बघ. माझ्यासाठी नको, आईसाठी.

कारिना

---

मंगळवार, १० जून
ओटावा

कारिना,

ती हर्स्टला आहे. शनिवारपासून ती हर्स्टलाच आहे.

हे कसं लिहू मला कळत नाही. तू फ्रेंचचं लिहिलंस आणि मी जुन्या नोंदी उघडून बसलो. हर्स्टला सगळे फ्रेंच बोलतात. व्हर्ना पूर्ण शुद्धीत होती, तिनं सगळं बरोबर केलं होतं. चुकलो मी.

यादीतल्या प्रत्येक पर्यायाला दोन अंगं असतात. एक दिसणारा मजकूर, तो माणसं वाचतात. दुसरी त्याच्या आतली खूण, ती कोणाला दिसत नाही, पण नोंदीत तीच जाते. शनिवारी तिसरा पर्याय "हर्स्ट, शाळा" असा होता आणि आतली खूण होती "तीन". व्हर्नानं तो निवडला, नोंद झाली "तीन". रविवारी सकाळी हर्स्ट भरलं. माझ्या पानानं तिसऱ्याचा मजकूर बदलून "थंडर बे, कॉलेजचा हॉल" केला. फक्त मजकूर. आतली खूण तीच राहिली. शोधायचं पान नोंदीतली "तीन" बघतं आणि त्या क्षणी यादीत तिसऱ्यापुढे जे नाव असेल ते दाखवतं. शनिवारी हर्स्टला उतरलेलं प्रत्येक माणूस रविवारी पानावर थंडर बेला जाऊन बसलं, जागचं न हलता.

वरची पाटी बदलली, कारिना, आणि आत कोण बसलंय ते बघितलं नाही. इतकी वर्षं हेच काम करतोय. शिकाऊ पोराला यासाठी झापलं असतं मी. आणि जिनेटनं हर्स्टच्या दारात उभं राहून, आई बहुधा तिच्या पाठीमागेच असताना, माझं पान बघून मला सांगितलं की ती तिथे नाही.

शोधायचं पान दुरुस्त केलं. कार्यालयाला कळवलं, चुकलेल्या सगळ्यांना ते शोधतायत. पण दुपारपासून हर्स्टचे फोन बंद आहेत, तारा जळाल्या. मेल पाठवतोय, कोणी उघडत नाही. तिथल्या पोलिसांचाही फोन लागत नाही.

तू आगीतून गाडी घालशील, मला माहीत आहे. घालू नकोस. पाया पडतो.

एर्की

---

मंगळवार, १० जून
थंडर बे

ती हर्स्टला आहे एवढं वाचून मी पूर्वेला, थेट आगीकडे वळणार होते. हात स्टिअरिंगवर होता, वळायचा दिवा लावला होता, आणि तुझ्या मेलची शेवटची ओळ वाचली.

सुपीरियर तळ्याच्या काठानं वळसा घालून जातेय. उद्याचा दिवस मोडेल, कदाचित परवाचाही, पण तो रस्ता अजून उघडा आहे. लॉईडला बसमध्ये घेतलंय. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "व्हर्ना शहाणी बाई आहे गं." एवढंच.

वाटेत फोनला रेंज नसेल. असली तरी मला लिहू नकोस.

---

बुधवार, ११ जून
ओटावा

कारिना,

लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितोय. रेंज येईल तेव्हा वाच, नाहीतर वाचू नकोस. मला इथे दुसरं कोणीच नाही ज्याला हे सांगता येईल.

सकाळपासून हर्स्टकडे पोचायची वाट शोधतोय. फोन बंद, मेल कोणी बघत नाही. मग जिनेटचं बोलणं आठवलं. शाळेच्या छपरावर उपग्रहाची तबकडी आहे, इंटरनेट रडतखडत चालतंय, आणि दाराशी टॅब्लेटवर माझं पान शनिवारपासून उघडं आहे. पानावर मोठ्ठी सूचना लावली तरी ती तिला दिसणार नाही, कारण ते पान ती नव्यानं उघडणार नाही. तिच्या टॅब्लेटवर माझ्या हातात एकच गोष्ट उरलीय. त्या यादीतल्या पर्यायांचा मजकूर. ज्यानं घात केला, तोच.

म्हणून तो बदललाय. तिसऱ्या पर्यायात फिनिशमध्ये लिहिलं, "एल्मा, इथेच थांब. कारिना येतेय." चौथ्यात जिनेटसाठी फ्रेंचमध्ये, "निळी किटली घेऊन बसलेली म्हातारी शोधा. तिला वरची ओळ मोठ्यानं वाचून दाखवा. सापडली तर तिसरा पर्याय निवडून नोंद पाठवा." या वेळी आतल्या खुणाही नव्या दिल्यात. आईचं नाव दोनदा पुसून लिहिलं.

आता नोंदींकडे बघत बसलोय. येतायत, पण सगळ्या दुसऱ्या ठिकाणांच्या. कोणी कुत्र्याचं नावसुद्धा नोंदवलंय. तिसऱ्या पर्यायाखाली काही नाही.

तिला वाचता येत असेल ना अजून? तू म्हणाली होतीस तेवढं शाबूत आहे. कारिना, ती तिथे असेल ना?

एर्की

---

गुरुवार, १२ जून
ओटावा

कारिना,

लॉईड शेजारी असेल तर हे मोठ्यानं वाचू नकोस.

आधी आई. ती आहे. तिसऱ्या पर्यायाखाली सकाळी एक नोंद आली, नावाच्या जागी "एल्मा लेहतोला", आणि खालच्या रिकाम्या चौकोनात जिनेटनं सगळं लिहिलंय. सकाळी यादी उघडली तर कसलेतरी अगम्य शब्द दिसले म्हणाली. खालचं फ्रेंच वाचलं, तरी पटेना. शेवटी हॉलमध्ये उभी राहून तिनं ते शब्द जमेल तसे मोठ्यानं वाचले. मागच्या भिंतीशी खाटेवर, चार दिवस कोणाशी न बोललेली एक म्हातारी तडक उठली. किटली काखेत मारून पुढे आली, जिनेटचं बोट धरून पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि तिच्याकडून अख्खं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं, मनासारखं होईपर्यंत. मग मान हलवली, जाऊन बसली आणि पहिल्यांदा सूप प्यायली. जिनेट विचारतेय, तुमची आई शाळेत शिकवायची का?

मी टेबलावर डोकं ठेवून रडलो, खोटं कशाला सांगू.

आता दुसरं. त्याच चौकोनात खाली लिहिलंय. व्हर्ना गेली. शनिवारीच तिच्या छातीत धूर भरला होता, आईला खाटेवर निजवून ती स्वतः दवाखान्यात दाखल झाली. काल संध्याकाळी गेली. शुद्धीवर होती तोवर नर्सकडून जिनेटला निरोप धाडायची, पानावर लॉईडची नोंद कुठे आहे ते बघ म्हणून. ती बरोबर दिसायची, थंडर बे. "तो तिकडे काय करतोय?" एवढंच विचारायची.

तो तिकडे माझं पान बघून गेला होता.

त्याला कसं सांगायचं ते तू ठरव. नाही, असं म्हणणं हलकटपणा आहे. माझं काम तुझ्यावर ढकलतोय. तुम्ही पोचलात की मला कळव, मी स्वतः त्याच्याशी बोलेन. तो जे बोलेल ते ऐकून घेईन.

एर्की

---

शुक्रवार, १३ जून
हर्स्ट, शाळा

एर्की,

तुझे दोन्ही मेल वाटेतल्या पेट्रोलपंपावर एकदमच मिळाले. लॉईड कॉफी आणायला आत गेला होता. तो दोन कप घेऊन बाहेर आला आणि माझं तोंड बघून जागीच थांबला. मला काही सांगावंच लागलं नाही. उरलेला रस्ताभर तो कप हातात धरून बसला, प्यायला नाही.

काल रात्री इथे आल्यावर त्यानं जिनेटला एकच विचारलं, "ती माझ्यावर चिडली होती का?" जिनेट नाही म्हणाली. खरं की खोटं, देवाला ठाऊक. आज सकाळी इथले फोन सुरू झाले आणि तुझा फोन त्यानं घेतला ते मला कळलं. तुम्ही काय बोललात ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. फोन ठेवल्यावर तो तिच्या गाडीतली औषधं एका पिशवीत भरत बसला होता. मी तिच्या दम्याबद्दल काय लिहिलं होतं ते तुला आठवतंय ना? कोणाला सांगू नकोस. कधीच.

आता आई. तुला वाटत असेल मी धावत जाऊन मिठी मारली आणि संपलं. मारली. तिनं मला हलकेच बाजूला केलं आणि म्हणाली, "बाई, जपून, किटलीला धक्का लागेल." बारीक झालीय, पण ठीक आहे. कोणीतरी तिला फुलाफुलांचा फ्रेंच आजीसारखा झगा घातलाय.

मला ती ओळखत नाही, एर्की. या वेळी अजिबातच नाही. सकाळी उठली की घरी जायचं म्हणून दाराकडे चालायला लागते. दाराशी ते टॅब्लेट आहे. यादी कशी उघडायची ते तिला आता येतं, जिनेटनं शिकवलंय. बोट लावते, तुझी ओळ खाली येते, ती मोठ्यानं वाचते, "एल्मा, इथेच थांब. कारिना येतेय." आणि मुकाट्यानं परत येऊन बाकावर बसते. बाकावर शेजारी मी असते. माझ्याकडे वळून सांगते, "माझी मुलगी यायचीय. बस चालवते ती. फार उशीर करते." आज हे किती वेळा झालं ते मोजलं नाही. दरवेळी मी म्हणते, आई, मीच कारिना. ती समजूत घातल्यासारखी हसते, वेड्या माणसाकडे बघून हसतात तशी, आणि दाराकडे बघत राहते.

माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास नाही. तुझ्या यादीवर आहे. तुझ्या पानावर विश्वास ठेवणारी आता एवढी एकच उरलीय.

ती ओळ बदल. मी आलेय असं लिही. मला हे आणखी एक दिवस सोसवणार नाही.

कारिना

---

शुक्रवार, १३ जून
ओटावा

बदललं. "एल्मा, कारिना आली आहे. ती तुझ्या शेजारी आहे." आतलंही बदललंय, चार वेळा तपासलं.

मिनिटाभरात तिथे दिसेल. तिला उघडू दे. मी गाडी काढलीय, उद्या पोचतो.

एर्की

---

शुक्रवार, १३ जून
हर्स्ट

एर्की,

उघडलं तिनं. बोट लावलं आणि ओळ वेगळी दिसली तशी थबकली. मनात वाचली. मग मोठ्यानं वाचली, शाळेतल्यासारखी, एकेक शब्द सुटा करून. तिचा चेहरा असा उजळला की जिनेट हातातलं काम टाकून बघत राहिली.

लगबगीनं बाकाकडे आली. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, जरा सरका ना. माझी मुलगी आलीय, तिला बसायला जागा हवी."

मी सरकले. बाकाच्या टोकापर्यंत सरकले. तिनं किटली खाली ठेवली, मोकळी झालेली जागा हातानं झटकली आणि वाट बघू लागली. मी उठले, बाकाला वळसा घालून दाराच्या बाजूनं आले आणि त्या जागेवर बसले.

तिनं माझ्याकडे बघितलं नाही. नुसता माझा हात घेऊन मांडीवर ठेवला. अजून तिथेच आहे, हे एका हातानं लिहितेय.

उद्या येशील तेव्हा दारातूनच ये. आणि येण्याआधी चौथ्या पर्यायात तुझं नाव लिही.

कारिना